वीस लिटरचे दोन कॅन

यादी मी कॅलेंडरच्या पाठीवर केली,
फाडून ठेवलेल्या ऑगस्टच्या.
दुधाचे खाडे मागून उमटून दिसत होते.

तंबू : सुगतच्या ऑफिसातल्या बोरकुट्यांचा, चौघांचा.
आपण सहा.
"एका कुशीवर निजता येते बाप्पा," सुगत म्हणाला,
आणि दाखवायला सोफ्यावर आडवा झाला तो
खरंच झोपला.

मीठ. काडेपेट्या दोन, एक प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
आलू, कांदे, भाजायला वांगी.
उत्पलाताईंची बीपीची गोळी, रात्रीची.
ब्लँकेटं जास्तीची, कारण डिसेंबरात
नदीकाठची थंडी मानेवाड्यासारखी नसते,
असं मला त्या प्रत्येकानं सांगितलं
ज्यानं नदीकाठी एकही रात्र काढलेली नाही.

जंगलात मुक्काम करू देत नाहीत.
पारशिवनीच्या पुढे, जंगलाच्या अलीकडे
कुणा टेकामांचं शेत आहे, काठाला लागून.
फोनवर ते म्हणाले, तूर उभी आहे, डुकरं येतात,
जागलीला मी मचाणीवर असतोच रातभर,
या तुम्ही. पैशाचं मंग पाहू.
श्रावस्तीनं फोन ओढून विचारलं : वाघ?
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
मग, "हाये ना. पण त्याले त्याचे कामं असतात."

मी लिहिलं : पाणी, वीस लिटरचे दोन कॅन.

तेव्हा मामाजी बोलले. तोवर पेपरात होते.

एकतीस वर्षं कॉर्पोरेशनच्या पाणी खात्यात.
पहाटे चारला सायकलच्या दांडीला
लोखंडी चावी बांधून, माणसाच्या कमरेइतकी,
गल्लोगल्ली व्हॉल्व सोडत फिरले.
पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं, म्हणतात.
अजून चारला जाग येते त्यांना.
अजून झोपेत उजवा हात
थोडा थोडा फिरतो, आटे मोजत.

"पाणी कायले नेतं वो?
तिच्याचकडे चाल्लो ना आपण?
तुह्या बादलीत सकायी पडते ते कोण हाये?
पेंच हाये ते, बाई."

मी नळाकडे पाहिलं.
ठिबकू नये म्हणून तोटीला चिंधी बांधलेली.
म्हणजे इतकी वर्षं रोज पाऊण तास
नदी यायची आमच्याकडे.
तिच्यात डाळ धुतली मी, निर्वाणचे लंगोट,
चौदा एप्रिलच्या सगळ्या पांढऱ्या साड्या,
कमी आली त्या दिवशी शिव्याही दिल्या,
आणि आमच्याकडून एकदाही
कुणी तिच्याकडे गेलं नाही.

"तुम्ही तर पाहिली असेल, मामाजी?"
"नाही."
पेपराची घडी घातली. परत उघडली.
"सहल निघाली होती एकदा खात्याची, धरणावर.
त्याच दिवशी सक्करदऱ्यात लाइन फुटली."

कॅन मी खोडले नाहीत. पोटं बिघडतात पोट्ट्यांची.
दोनाचा फक्त एक केला.

रात्री गच्चीवर तंबू लावून पाहिला.
एक कांब कमी निघाली, झाडूचा दांडा खोचला.
शेजारच्या पाटणेबाई कठड्यावरून विचारून राहिल्या,
कोणाचं लग्न हाये का?
पोट्टे आत घुसले ते बाहेर येईनात.
टॉर्चच्या उजेडात कापडावर
त्यांचे हात वाघाएवढे.
मामाजी लांब बसलेले, टाकीला टेकून,
एक कान टाकीला लावून.

आज सकाळी यादीत एक ओळ वाढलेली दिसली.
पेन्सिलीनं, हजेरीबुकातल्या अक्षरात,
वर रेघ न ओढता :

चावी.

मी काही विचारलं नाही.
डिकी उघडून पाहून आले.
तंबू आधी ठेवून, मग तिरपी घातली
तर मावेल.