मात्रा

डंडीत मार्चमध्ये दुपारी चारला
टे नदीवरचा पूल धुक्यात अर्धाच उरतो.
मी दिवे मालवून सूक्ष्मदर्शकाशी बसते.

पुढ्यात साडेसात मिलिलिटर माणूस.
नाव मला कळू नये असा नियम आहे.
डी-शून्य-एक्केचाळीस, वय एकाहत्तर,
प्रोस्टेट, हाडांत उतरलेला.

अब्जावधी तांबड्या पेशी, कोट्यवधी पांढऱ्या,
त्यांतून निवडायच्या
गाठ सोडून प्रवासाला निघालेल्या चार-दोन.
चुंबकाने पाखडते, रंगाने पारखते.
केंद्र निळं, कड हिरवी, लाल अजिबात नको;
लाल दिसली तर ती राखणदार, आपलीच.

ऑगस्टात दोन सापडल्या.
नोव्हेंबरात अकरा.
गोळ्या रोज चार, वेळच्या वेळी,
तरी कुठेतरी पाणी मुरत होतं.

एकेक पेशी फोडून वाचली तेव्हा दिसलं,
औषध जिथे येऊन टेकायचं
ती ओसरीच तिने पाडून टाकली होती.
आतला दिवा चालूच.
शब्दाचं शेपूट छाटावं
आणि अर्थ तसाच चालत राहावा, तसं.

आमच्यात म्हणतात, याच्यापुढे मात्रा चालत नाही.
हे ग्रॅहमला इंग्रजीत सांगू गेले.
डोस म्हणाले, तर छंद सांडला,
अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ सांडली.
तो म्हणाला, "रेझिस्टन्स."
हो, तेच. पण तेवढंच नाही.
मला या पेशीचं कौतुक वाटतं,
आणि कौतुकाची लाज.

फॉर्मच्या तळाशी, शेऱ्याच्या रकान्यात
दर खेपेला पेन्सिलीची एक ओळ,
उजवीकडे घसरत गेलेली:
गळाला काही लागलं का?

नर्स ऐल्सा एकदा बोलून गेली,
उन्हाळाभर ब्रॉटी फेरीच्या धक्क्यावर असतो,
इकडचे बांगडे धरत. बहुतेक वेळा सोडून देतो.

उत्तर द्यायचं नसतं.
आमचं मोजणं संशोधनापुरतं,
त्याच्या डॉक्टरांपर्यंतही जात नाही.
पेन्सिल खोडायची, मग कागद स्कॅन करायचा.

जानेवारीत गोळ्या थांबल्या. आता सलाईनमधून दुसरं काही,
जे ओसरी शोधत बसत नाही.
आज चार.
तीनदा मोजल्या. चारच.
चार म्हणजे बरा झाला नव्हे.
चार म्हणजे अकरा नव्हेत, इतकंच.

वहीत आकडा लिहिला. खोडरबर उचललं.
बाहेर पुलाचा उरलेला भागही गेला होता,
आणि त्या नसलेल्या भागावरून
दिवे लावून एक गाडी अलीकडे येत होती.

कागद तसाच स्कॅन केला, पेन्सिलीसकट.