भाग न जाणारी

अलीकडे वाल्गा, पलीकडे वाल्का. गाव एकच.
मधल्या ओढ्याला बेडकांचं नाव,
पाणी गमबुटावरून चढणार नाही एवढं.
नकाशावर मात्र तो जाड शाईचा.

माइमू अलीकडे गणित शिकवायची.
आउस्मा पलीकडे कोट शिवायची.
कुंपण आलं त्या हिवाळ्यात
माइमूने ५८८२३५३ धरली
आणि भागत बसली.

दोनने नाही, हे डोळ्यांनाच कळतं.
तीनने नाही: अंकांची बेरीज चौतीस.
सात, अकरा, तेरा...
हातमोज्यांची बोटं कापून, थंड स्वयंपाकघरात,
एकेक मूळ संख्या लावून पाहायची
कुलपाला जुडग्यातली किल्ली लावावी तशी.
तीनशे साठ भागाकार.
शेवटचा २४२३ ने. बाकी १७३२.
त्यापुढे जावं लागत नाही.
भाग जायचा असता तर एव्हाना गेला असता.

जाळीतून तिने आउस्माला सांगितलं,
दोघींच्या मधल्या मोडक्या रशियनमध्ये:
"हिला कशानेच भाग जात नाही."
"कात्रीने जाईल की," आउस्मा म्हणाली.

माइमू जरा रागावलीच.
मग कागदाची पट्टी जाळीतून सरकवली.
"काप. पण तिसऱ्या अंकानंतर."
५८८ गेले आउस्माच्या बटणांच्या डब्यात.
२३५३ माइमूच्या भिंतीवर, टाचणीखाली.

पुढे पासपोर्ट, शिक्के, रांग,
आउस्माचा गुडघा.
आधी महिन्याला एकदा, मग नाताळला,
मग नुसताच हात, लांबून.

एका डिसेंबरात चौकीवाला
खुर्चीसकट निघून गेला.
आउस्मा डबा घेऊन पुलावरून आली,
ओव्हरकोटही न काढता
मेणकापडावर शिवणखडूने बेरीज मांडली:
दोन हजार नऊशे एक्केचाळीस.
"एवढीच?"

"नुसते तुकडे जोडून भागत नाही," माइमू म्हणाली.
"आधी ज्याने त्याने स्वतःशीच गुणायचं असतं."

५८८ चा वर्ग आउस्माने केला, ओठ हलवत,
हातचे बोटांवर. दोनदा चुकली.
तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस.
२३५३ चा माइमूला पाठच होता,
भिंतीकडे बघून बघून:
पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ.

बेरीज उजवीकडून उतरत गेली.
तीन. पाच. तीन. दोन.
आठवर आउस्माने खडू थांबवला, चष्मा पुसला.
आठ. पाच.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. किटली बोलली.

"किती वर्षं झाली कुंपणाला?"
"सतरा."
"मग सतराने गुण."

आलं ते आउस्माला खडूने लिहायचं नव्हतं.
तिने डबा उपडा केला,
सात बटणं ओळीने मांडली, शून्यांसाठी,
आणि दोन टोकांना दोन सुया, उभ्या.

आधी तिने ते डावीकडून वाचलं, लाटवियनमध्ये.
मग माइमूने उजवीकडून, इस्टोनियनमध्ये.

मग सुया मोजून डब्यात ठेवल्या.
सुई हरवलेली आउस्माला चालत नाही.