दोन पांढरे, सहा निळे

घणसोलीच्या दुकानात लोबोने
बावीस हजारांचा दिवा लावून दाखवला.
मी चिठ्ठी पाहिली, मग छत.

टाकी माझी दीड फुटाची.
खाडी गॅलरीतून दिसते, पण तिचं पाणी चालत नाही;
बादलीत मीठ कालवायचं.
आत अंगठ्याएवढं एक प्रवाळ,
तेही मिटलेलं.

शेवटी धनेशने जुन्या ट्यूबच्या पट्टीवर
डाग देऊन बसवले आठ निळे एलईडी.
नऊशे ऐंशी रुपये.
कॉम्प्युटरचा पंखा फुकट.

समोरच्या विंगमधून विचारणा:
डास मारायचं यंत्र का हो?

आई त्याच भिंतीशी फॉल-पिकोला बसते.
तिसऱ्या दिवशी मोरपिशी साडीला
काळ्या दोऱ्याची शिवण निघाली.
"तुझ्या समुद्रात सगळे दोरे एकाच जातीचे,"
म्हणाली, आणि उसवत बसली.

रविवारी दोन निळे काढून
पांढरे लावले.
लोबो म्हणाला होता, पांढऱ्याने शेवाळ माजेल.
माजलंय थोडं.
बंद पडलेल्या एटीएम कार्डाने खरवडतो.

सातला टायमर टक् करतो.
आई सुईत दोरा ओवते,
आणि काचेपलीकडे
एकेक तोंड उघडतं.

बिल महिनाअखेरीस कळेल.