फोनवर मिलोयका

इद्रियाच्या वरच्या अंगाला आमची सतरा घरं.
शाळेला कुलूप लागलं तेव्हा कोणी फारसं बोललं नाही.
दुकान बंद झालं तेव्हा मात्र
सगळे आपापल्या खिडकीत उभे राहिले,
मयत जाताना राहतात तसे.
बसचा थांबा अजून आहे.
वेळापत्रकसुद्धा आहे, काचेआड.

मी कारखान्यातला फिटर, चौदा वर्षं घरी.
नगरपालिकेने गाडी दिली, पेट्रोल दिलं,
म्हणाले, ज्या म्हाताऱ्यांना गाडी चालवता येते
त्यांनी बाकीच्या म्हाताऱ्यांना न्यावं-आणावं.
म्हटलं, म्हणजे आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा.
ते हसले.
मी सही केली.

मिलोयका दर गुरुवारी.
कधी डोळे, कधी गुडघा, कधी दात.
तोंडात एकही दात उरला नव्हता तिच्या.
मी विचारलं नाही.
खाली उतरेपर्यंत अठ्ठावीस वळणं, आणि प्रत्येक वळणाला तिचं बोलणं:
इथे कोणाचा बैल घसरला,
ते घर कोणी विकलं, व्हिएन्नाच्या कोणी घेतलं,
घेऊन खिडकीची दारंही उघडली नाहीत मेल्याने.
दवाखान्यापाशी उतरताना म्हणायची, तासभर लागेल.
आणि मला आरशात दिसायचं,
पायरी न चढता ती
कोपऱ्यावरच्या बेकरीकडे वळलेली.

एकदा गाडी लावून मागे गेलो.
बेकरीसमोरच्या बाकावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.
येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, दोबेर दान.
कोणी उत्तर दिलं की एक बोट मुडपायची.
परतीच्या वाटेवर, बाराव्या वळणाला,
स्वतःशीच म्हणाली, "अकरा."
काय अकरा?
"तब्येत," म्हणाली.
"मागच्या गुरुवारी सहाच होते, पाऊस होता."

मग माझा मोतीबिंदू.
समोरून येणारा ट्रक मला दोनदा दिसायला लागला,
आणि दोन्ही ट्रकना मी वाट देऊ लागलो.
मिलोयका मागच्या सीटवरून इतकंच म्हणाली,
"आलोइझ, आता पुरे."
किल्ली नगरपालिकेच्या टेबलावर ठेवली.
तिथल्या पोरीने पावती दिली. पावती!
ती अजून फ्रिजवर आहे.

सहा आठवडे मी स्वयंपाकघरात.
मुलगा ग्राझला असतो. रविवारी फोन करतो,
हवामान विचारतो, हवामान सांगतो.

त्याच सहा आठवड्यांत मिलोयकाने वही उचलली.
लेस विणणारी बाई ती. उशीवर टाचण्या, हाताखाली लाकडी बॉबिनं,
साठ वर्षं त्यांचा टकटकाट.
आता बोटं वळत नाहीत, पण
कुठला धागा सुटलाय हे तिला अजून कळतं.
रोज सकाळी आठला सतरा घरांना फोन.
कोणाला कुठे जायचंय, कोणाचं औषध संपलंय,
कोण बोलताना मध्येच थांबतंय.
गाडी आता ब्रानका चालवते,
अडुसष्टची पोर, जरा वेगाने चालवते.

फेब्रुवारीत सिल्वेस्तरने फोन उचलला नाही.
नऊ वेळा वाजला.
ब्रानका बर्फातून गेली, मागोमाग दोन घरचे फावडी घेऊन.
हा तळघरात, रेडिओ मोठा करून कोबी चिरत बसलेला.
शिव्या दिल्या त्याने सगळ्यांना.
माझ्या दारात यायची परवानगी कोणी दिली म्हणाला,
मग सगळ्यांना बसवून दारू पाजली.
दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटीला उचलला म्हणे,
आणि आठला पाच मिनिटं असताना
रिसीव्हरवर हात ठेवून बसतो, हे ब्रानकाने पाहिलंय.

माझा फोन वाजतो तेराव्या क्रमांकाला,
साधारण साडेआठच्या सुमारास.
इतके दिवस मी म्हणायचो, काही नको, ठीक आहे.
ती म्हणायची, बरं.
काल मात्र ठेवलाच नाही तिने.
पलीकडे पेन्सिल वहीवर टेकवून धरल्याचं मला ऐकू येत होतं,
किंवा मला तसं वाटलं.

"गुरुवारी कुठे?"

बाहेर छपरावरून बर्फ घसरून पडला.
माझे बत्तीसच्या बत्तीस नाहीत, पण
जे आहेत ते घट्ट आहेत.

"दात," म्हटलं.

तिने लिहून घेतलं.
"दहाला ब्रानका येईल. टोपी घाल.
आणि परत आलास की सांग
किती झाले."