पाचवा गिअर

दोन लाख चौदा हजार किलोमीटर,
आणि या गाडीने कात्रजचा बोगदा पाहिलेला नाही.

सहकारनगर, अरण्येश्वर, पुन्हा सहकारनगर.
तळजाईच्या चढावर हाफ क्लच,
परीक्षेच्या आदल्या दिवशी मैदानात आठचा आकडा.
पहिला, दुसरा, बंद.
पहिला, दुसरा, फार तर तिसरा
आणि लगेच माझा पाय.

एकोणीस वर्षं मी डावीकडे बसले.
माझ्याही पायाखाली एक क्लच, एक ब्रेक,
शिकणारीला कळू नये अशा बेताने दाबायचे.
कुलथे काकूंना अजून वाटतं,
लक्ष्मीनारायण चौकात पीएमटीच्या पुढ्यात
गाडी त्यांनी थांबवली.
पेढे घेऊन आल्या होत्या.
मी दोन खाल्ले.

आता क्लास बंद.
नाना पेठेत दस्तगीरने बॉनेटमध्ये डोकं घातलं,
ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.
मग हात पुसत म्हणाला,
धारवाड? कोण आहे तिथे?
कोणी नाही, रस्ता सरळ आहे म्हणून.
तो म्हणाला, हेडची ग्यारंटी मागू नका.
घाटात एसी बंद.
काटा निम्म्याच्या वर गेला की थांबायचं, लाजायचं नाही.
आणि गिअरचा दांडा सहज हलवून बघत,
पाचवा तर कोराच आहे, मॅडम.

पहाटे साडेचार.
डिकीत पाण्याचे दोन कॅन, फॅनबेल्ट,
दशम्या, श्रीरंगच्या गोळ्यांचा डबा.
तो माझ्या जागेवर बसला.
पोस्टातली छत्तीस वर्षं सायकलवर काढलेला माणूस,
पायाशी दोन पेडल दिसल्यावर
चप्पल काढून बसला, देवळात बसावं तसा.
पाय मागे घ्या, मी म्हणाले,
अगदी क्लासमधल्या आवाजात.

बोगद्यात शिरताना दोघंही बोललो नाही.
गाडीच बोलत होती, डावं मागचं दार, नेहमीचं.

खंबाटकीत तिसऱ्या वळणावर काटा चढला.
हीटर लावला, काचा खाली,
इंजिनाची सगळी उष्णता आमच्या मांडीवर घेतली,
तरी वाफ आलीच.
थांबले. लाजले नाही.
मागच्या काचेवरचा लाल एल
मी ब्लेडने खरवडून काढला होता,
पण गोंदाचा एल राहिला होता, धूळ धरून, ठळक.
ट्रकवाले तो वाचून लांबून वळसा घालत होते.
एका क्लीनरने खिडकीतून हात हलवला,
शिका, शिका, सावकाश.
श्रीरंगला हसू आवरेना.
माझे केस पांढरे, नाकावर वाफेचं पाणी,
आणि मलाही ते पटलं.

साताऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला.
चौथ्यात गाडी गुरगुरायला लागली,
काहीतरी मागत असल्यासारखी.
मी दांडा उजवीकडे पुढे ढकलला.
इतका अलगद गेला
की मला वाटलं न्यूट्रलच पडला.
आवाज खाली आला.
डावं मागचं दारसुद्धा गप्प.
"काय झालं?" श्रीरंगने दचकून विचारलं.
काही नाही, म्हटलं. याला असंच म्हणतात.

कऱ्हाड मागे पडलं. ऊस, ऊस, एक धाबा, ऊस.
पेठनाक्याच्या अलीकडे
दुभाजकातून एक म्हैस निघाली,
तिच्यामागे एक पोरगं,
त्याच्या हातात वही.

गाडी थांबली.
म्हैस आणि बंपर यांच्यात वीतभर जागा.
पोरगं आमच्याकडे न बघता गेलं.

वेळेवर दाबला ब्रेक, मी म्हणाले.
श्रीरंग खिडकीबाहेर ऊस बघत होता.
त्याचा उजवा पाय
नुकताच कुठूनतरी परत आल्यासारखा
चपलेत शिरत होता.

धारवाड अजून अडीचशे किलोमीटर.
त्याने डबा उघडला,
दशमीचा मोठा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.
मी पहिला टाकला.