दोन दिवस उशिरा

रंकाळ्याच्या पदपथावर पोरी गाठतात मला,
कानातल्या नळ्या काढून विचारतात,
"काकू, एकाहत्तर? काहीतरीच!
काय लावता हो?"
मी हसतो.
(आम्ही पेठेतल्या बायका 'हसतो'च म्हणतो,
'हसते' म्हणायला सवड कुणाला होती.)

सांगण्यासारखं तेवढं सांगतो.
सीपीआरच्या वॉर्डात चौतीस वर्षं पाळ्या केल्या,
पाय अजून पाच वाजता आपणहून उठतात.
म्हशीच्या दुधाची साय, चिमूटभर हळद,
खाऊन उरली तर तोंडाला.
तांबडा रस्सा रविवारी, एकच वाटी.
आणि पाठ ताठ. आमच्या मेट्रनबाई म्हणायच्या,
नर्सची पाठ वाकली की पेशंटचा धीर वाकतो.

पोरी मोबाईलवर टिपून घेतात.
"आणि केस?"
केसांचं मी सांगत नाही.

दर वीस दिवसांनी, बुधवारी,
महाद्वार रोडच्या मागच्या बोळात
शशिकला कवाळेच्या पार्लरमध्ये बसतो.
मानेला जुना टॉवेल, कपाळाच्या कडेला व्हॅसलिन,
आणि तो वास, डोळ्यांतून पाणी काढणारा.
शशी म्हणते, "मावशी, राहू देत की पांढरे.
शोभतील. आता फॅशनच आहे."
शोभतील गं.
पण घरी पोतदार आहेत.

गुजरीत पन्नास वर्षं साज घडवले त्यांनी,
एकेक पान डोळ्याला भिंग लावून.
आता भाकरी कशी मोडायची
ते रोज सकाळी दाखवावं लागतं.
त्यांच्या डोक्यात मी आहे अजून,
पण काळ्या केसांची.
केस काळे असले की "आलीस?" म्हणतात
आणि पाट पुढं सरकवतात.

हे आधी कळलं नव्हतं.
त्या वर्षी डेंग्यूनं दीड महिना पडून होतो,
भांगात बोटभर पांढरं उतरलं.
उठल्यावर पहिल्या दुपारी चहा घेऊन गेलो
तर टोपी शोधून डोक्यावर ठेवली त्यांनी,
अदबीनं म्हणाले,
"बसा बाई. आमची मंडळी येईल एवढ्यात,
कपिलतीर्थाच्या मंडईत गेलीय."
मीही दाराकडं बघितलं.
कुणी सांगावं, यायचीसुद्धा.

मग बोलत बसले.
"लग्नात तिच्या नाकात मीच घडवलेली नथ होती.
मोती जरा तिरका बसला होता.
तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही.
रात्रपाळी करून येते ना,
डोळ्यांखाली काळं, केस विसकटलेले,
तेव्हा सगळ्यांत देखणी दिसते.
तिला बोलू नका हं. चढून बसेल."

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात
यातलं एक अक्षर माझ्या तोंडावर बोलले नव्हते.
चहा गार झाला. मी दोघांचाही प्यालो.

दुसऱ्या दिवशी रंग लावून आलो.
"आलीस? काल कोण बाई येऊन गेल्या."
"कशा होत्या?"
"बऱ्या होत्या," म्हणाले. "पण वय झालंय."

तेव्हापासून असं चाललंय बघा.
बुधवारी शशीचा फोन येतो,
मी म्हणतो, आज नको गं, शुक्रवारी येतो.
भांगातली पांढरी रेघ
पदरानं झाकत नाही दोन दिवस.
इस्त्रीची साडी नेसतो,
दोन कप भरतो
आणि आपल्याच घराच्या
उघड्या दारावर टकटक करतो.

आत ते टोपी शोधत असतात.
मी पाठ ताठ करून थांबतो.