नंबर

हरिपूर रस्त्याला, भूपाल मगदूमांच्या गिरणीत
रांगेत डबे असतात. माणसं नसतात,
माणसं दळण टाकून भाजीला गेलेली.
गव्हावर गहू, शाळूवर शाळू,
हरभरा सगळ्यांत शेवटी.
कुणी डबा मधेच सरकवला
की मगदूम पट्टा न थांबवता ओरडतात,
"ए, नंबर!"

मी तिथून भुंगेरे नेते.
पिठातले, तांबडे, तिळाएवढे.
कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांची अंडी चाळते
आणि वाचते एका गुणसूत्रावर
लावून ठेवलेले डबे:
आधी डोक्याकडचे, जबड्याचे,
मग पायांची तीन घरं, मग पोट,
मग शेपटाकडचं टोक.
दोऱ्यावर जसे, अंगावर तसेच.
शिकवताना मी हे फळ्यावर आडवं काढते.
का, असं कुणी विचारलं तर
खडू शोधते.

फळमाशीत ही रांग मधे तुटलीय.
अर्धे डबे इथे, अर्धे लांब,
मधे परक्यांची वस्ती.
तरी माशीचं डोकं डोक्याच्याच जागी.
मगदूमांना सांगितलं, तर म्हणाले,
"पुराच्या साली कांडप विश्रामबागेला नेलं,
गहू हितंच ऱ्हायला.
गिऱ्हाइकानं दोन्हीकडं नंबर धरला की.
त्यात काय?"

मगदूम कीड मारत नाहीत.
सुपलीत झाडून मागच्या चिंचेखाली ठेवतात.
मला डबी देताना दरवेळी विचारतात,
"जगत्यात न्हवं?"
"पिल्लं भरपूर घालतात," मी म्हणते.
तेही खरंच आहे.

परवा भिंगाखाली पाहिली
रांगच पुसलेली अळी.
अंड्यातून बाहेर न आलेली.
जबडा हवा तिथे मिशी.
पाय हवा तिथे मिशी.
पोटावर मिशा, जोडीजोडीनं,
पार टोकापर्यंत.
घराघराला वाटलेलं, आपणच पुढचे.
सगळं अंग नुसतं चाचपणारं;
चावायला कुणी नाही,
चालायला कुणी नाही.
मी फोटो काढला, तारीख घातली,
आणि बराच वेळ दिवा बंद केला नाही.

आज माझा डबा सातवा.
मगदूमांनी सुपली पुढे केली,
भुंगेरे कडेला चढून परत घसरत होते.
"जगत्यात न्हवं?"
पट्टा फिरत होता,
मागे कुणीतरी पत्र्याचं झाकण वाजवलं.
नंबर माझाच होता.